साध्या पाण्यातला हिरवा उजेड

निळ्या दिव्याखाली

निळा दिवा लागला आणि मलिका प्रयोगशाळेच्या दारातच थबकली.

टेबलावर काचेची चार भांडी होती, चहाच्या टपरीवरच्या बिस्किटाच्या बरण्यांएवढी. उजवीकडच्या तीन भांड्यांत 'निळकवच' नावाचं नवं कीटकनाशक कमी-जास्त मात्रेत मिसळलेलं. त्यांतल्या मासोळ्या दिवाळीसारख्या पेटल्या होत्या, हिरव्या आणि तांबड्या. ते ठीक होतं. तेच बघायचं होतं.

डावीकडच्या भांड्यात नुसतं साधं पाणी होतं. तिथल्या मासोळ्यांनी काळोखात राहायचं होतं.

त्या उजळल्या होत्या. हिरव्यागार.

"अरे वा," मागून रजत गावंडे म्हणाला. तो कंपनीचा अधिकारी, पांढऱ्या शर्टातला, वेलदोडा चघळणारा. "म्हणजे मॅडम, तुमच्या मासोळ्यांना पाणीही विषारी लागतं."

मलिका भांड्यावर वाकली. या मासोळ्या तिनं अंड्यापासून वाढवल्या होत्या. नखाएवढी झेब्रा माशाची पिल्लं, पण अंड्यातच त्यांच्यात दोन परकी जनुकं घातलेली. नसांवर विष चढलं की निळ्या दिव्याखाली कण्यालगत हिरवा उजेड फुटतो. यकृत होरपळलं की पोटाशी तांबडा. ससे-उंदीर मारून, फाडून जे कळायला महिने जातात ते ही पिल्लं तासाभरात सांगू लागतात, रात्रीतून पक्कं करतात. अट एकच. साध्या पाण्यातली पिल्लं उजळता कामा नयेत. ती उजळली तर बाकीच्या तीन भांड्यांची साक्ष कोणी ऐकत नाही.

आणि ही साक्ष आमिरसाठी होती.

आमिर तिचा धाकटा भाऊ. महागावला फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. गेल्या आठवड्यात कंपनीनं वाटलेल्या नमुन्याच्या बाटलीसकट एक पंप दुरुस्तीला आला, आमिरनं तो भरून चालवून पाहिला, आणि गळकी नळी त्याच्या छातीवर फुटली. आता तो यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होता. नसांच्या विषाचं औषध चालू होतं, तरी डोळे पिवळे पडत चालले होते. डॉ. सुरभी म्हणत होत्या, बाटलीत दुसरं काहीतरी आहे, त्याचं नाव मिळवा. कंपनी म्हणत होती, दुसरं काही नाही. जे आहे ते निरुपद्रवी, आणि व्यापारी गुपित. जिल्ह्याच्या चौकशी समितीनं हुकूम दिला तरच नाव सांगू.

समिती हुकूम देणार होती या चार भांड्यांवरून.

विमलताईंची घड्याळाशिवायची मुदत

समितीच्या अध्यक्ष विमलताई, कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या, खुर्चीत बसताना गुडघ्याला हात लावून बसणाऱ्या. त्यांनी चारही भांडी पाहिली आणि चष्मा काढला.

"दाराचं सील?"

"मीच फोडलं, आत्ता सगळ्यांसमोर," रजत म्हणाला. "अखंड होतं. काल संध्याकाळी मीच लावलं होतं."

"मग रात्री आत कोणी गेलं नाही."

"गेलं नाहीच. म्हणजे जो घोळ आहे तो सील लावायच्या आधीचा, यांच्याच हातचा. ताई, मी पहिल्यापासून सांगतोय, यांचा भाऊ वॉर्डात आहे. यांनी ही चाचणी करायलाच नको होती."

"अख्ख्या जिल्ह्यात अशा मासोळ्या दुसऱ्या कोणाकडे आहेत का?" विमलताईंनी विचारलं. रजतनं नकारार्थी मान हलवली. मग त्या मलिकाकडे वळल्या. "बाई, नियम तुला माहीत आहे. साधं भांडं उजळलं की चाचणी रद्द. कारण सापडलं आणि तेच पुन्हा करून दाखवता आलं तर मी विचार करीन. आम्ही जेवून येतो. तोवर."

"ताई, नवी अंडी घालून पिल्लं व्हायला—"

"जेवून येतो म्हटलं ना."

समितीची जीप धूळ उडवत दारव्हा रस्त्याला लागली; रजत मागंच थांबला. मलिकाचा फोन वाजला. डॉ. सुरभी.

"नाव मिळालं?"

"अजून नाही."

"मलिका, तो आता मला ओळखत नाहीये."

काल संध्याकाळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत

आता थोडं मागं जायला हवं. जे घडलं ते काल घडलं, आणि चोरून नाही, सगळ्यांच्या देखत घडलं.

रजतचा मलिकावर विश्वास नव्हता. मलिकाचा रजतवर नव्हता. म्हणून दोघांना चालेल असा एक पंच बोलावला होता: बोरी अरबचे बापूजी, निवृत्त गुरुजी. यवतमाळात पोट्ट्याच्या हाती पाटी येण्याआधी खर्रा येतो असं म्हणतात. सुपारी-तंबाखू-चुना घोटलेली ती पुडी. बापूजींनी तिच्याविरुद्ध हयात घालवली. शाळेशाळेत पाण्याची घागर ठेवत, एकेका पोराचा हात तिच्यात बुडवायला लावत आणि म्हणवून घेत, 'पाण्याची आण, खर्ऱ्याला शिवणार नाही.' मलिकानं घेतली होती ती शपथ. आमिरनंही.

मलिकानं काल सगळ्यांना हात धुवायला लावले. रजत, बापूजी, चौकीदार उत्तमसिंग राठोड आणि ती स्वतः. हातमोजे वाटले. तेव्हा बापूजी म्हणाले, "आधी शपथ होऊ दे. साध्या पाण्यासमोर. तेच तर खरा साक्षीदार आहे. लबाडी करणार नाही म्हणून प्रत्येकानं त्यात हात घालायचा."

"बापूजी, निदान मोजा घालून—"

"मोजा घालून शपथ? उद्या म्हणशील, मोजा घालून नमस्कार करा."

सगळे हसले. मासोळ्या अजून भांड्यात सोडायच्या होत्या. हात धुतलेले होते. मलिकाचं सगळं विज्ञान जिभेपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. चौथीत पाढे चुकल्यावर ज्यांच्यासमोर उभं राहायचं त्यांना नाही कसं म्हणायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं.

बापूजी देवाचं नाव घ्यायला म्हणून मिनिटभर व्हरांड्यात गेले. परत आले ते गंभीर होऊन, मान जरा वर करून. त्यांनी बाही सारली, हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि डोळे मिटून मनातल्या मनात शपथ घेतली. बोलायला लागले की घंटा झाली तरी न थांबणारा माणूस एक शब्द बोलला नाही. सगळ्यांना ते फार भारदस्त वाटलं. रजतनं घाईघाईनं दोन बोटं बुडवली आणि रुमालाला पुसली, मलिकानंही बोटं टेकवली. मग मलिकानं जाळीनं मासोळ्या सोडल्या, दार लागलं, लाख वितळली.

उत्तमसिंगची उत्तरं (प्रश्न मलिकाचे, ते तुम्हीच समजून घ्या)

"नाई ताई, रातचं कोनी नाई आलं. झोपलो होतो म्हना, पन दाराले पाठ लावून झोपलो होतो. दार उघडलं असतं त मीच आत पडलो असतो."

"खातो ना! खर्रा खातो. लपवाचं काय त्यात, दात दिसूनच राह्यले."

"हात? मी कायले घालू? आमच्या तांड्यात सेवालाल महाराजाची आन घेतली का झालं. मी दारातूनच घेतली, तुमी पाह्यलं नाई काय?"

"तुमच्या भावाचं आयकलं. लय भला मानूस. मागच्या साली माह्या पंपाचे पैसे नाई घेतले त्यानं."

"साहेब? साहेब गेलते ना भायेर. हात धुतल्यावर, शपथीच्या आधी. मोटारीपाशी. फोन लावून राह्यले होते. आन् मोटारीत खोकं हाय त्यायच्या. निळ्या बाटल्यायचं."

खोकं

मलिका धावली नाही, पण तिचे पाय धावल्यासारखे पडत होते. रजत मोटारीला टेकून उभा होता. मागच्या सीटवर पुठ्ठ्याचं खोकं, त्यात निळ्या बाटल्या, एकीचं बूच सैल.

"हात धुतल्यावर तुम्ही इथं आला होता."

"फोन करायला."

"बाटलीला हात लावला?"

"लावला असेल. सीटवर सांडू नये म्हणून सरकवलं खोकं." मग त्याला कळलं, आणि त्याचे कान लाल झाले. "तुम्हाला काय म्हणायचंय? मी मुद्दाम?"

"साधं भांडं बिघडल्यावर फायदा कोणाचा, सर? माझा? माझा भाऊ मरून राह्यला आहे तिकडं, आणि मी माझीच चाचणी मोडीन?"

"हे बघा, हे औषध मी विकतो कारण मला ते चांगलं वाटतं. बोंडअळीनं काय होतं मी बघितलंय."

"ते विमलताईंना सांगा. बोटाला बाटलीतला थेंब होता, तोच पाण्यात गेला."

तिच्या हाती गुन्हेगार लागला होता. आता फक्त भांड्याचा फोटो काढायचा आणि समोर ठेवायचा. ती खोलीत परतली, निळा दिवा लावला, फोन सरसावला.

आणि फोटो काढलाच नाही.

जे नव्हतं ते

हिरवं.

हिरवं.

कण्यालगत, शेपटीपर्यंत, हिरवं.

पोटाशी काळोख.

तिनं डोळे चोळले. एकेक पिल्लू भिंगाखाली पाहिलं. शेजारच्या तीन भांड्यांतल्या प्रत्येक मासोळीच्या पोटाशी तांबडा ठिपका होता, अगदी कमी मात्रेच्या भांड्यातसुद्धा. साध्या भांड्यातल्या एकाही मासोळीच्या पोटाशी नव्हता. सकाळपासून ती हिरवं पाहून इतकी हादरली होती की तांबडं नाही हे पाहायचं राहूनच गेलं.

म्हणजे निळकवच या पाण्यात गेलंच नव्हतं. गेलं असतं तर तांबडं दिसलंच असतं. रजत सुटला. ज्याच्या मोटारीत खोकंभर बाटल्या आहेत तो मुद्दाम घोळ करायचा म्हटला तर दुसरं काही शोधत कशाला बसेल?

मग हे दुसरं काही काय? नसांना धक्का देतं, यकृताला शिवत नाही. साबण नाही; साबणानं कल्ले जातात, मासोळ्या वर येऊन तडफडतात. या तर मजेत पोहत होत्या. नसांच्या ज्या कुलपात निळकवचाची किल्ली बसते त्याच कुलपात बसणारी दुसरी किल्ली. अशी जुनी किल्ली तिला एकच माहीत होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. या जातीची कीटकनाशकं माणसानं जिच्यावरून बेतली ती. तंबाखू.

ती खिडकीशी गेली. "उत्तमसिंग! खर्रा आहे का जवळ?"

"याडीये, माय! ताई, तुमी? कवापासून?"

"मला खायला नको रे. मासोळ्यांना पाहिजे."

"मासोळ्यायले तरी कायले बिघडवता?" असं म्हणत त्यानं पुडी दिली.

तिनं चिमूटभर खर्रा बोटांनी चोळला, फेकला, बोटं पाण्यानं धुतली आणि नव्या पाण्यात बुडवली. कालच्याच खेपेतली राखून ठेवलेली चार-सहा पिल्लं त्यात सोडली. मग पंख्याखाली बसून राहिली. पंखा फिरत होता, ती घामानं भिजत होती. रस्त्यावरची प्रत्येक जीप विमलताईंची वाटत होती.

पिल्लं हळूहळू हिरवी झाली. पोटाशी काळीच.

कारण सापडलं होतं. हात नव्हता सापडला. आणि इथं गाडं अडलं. खर्रा खाणाऱ्या उत्तमसिंगनं पाण्यात हात घातला नव्हता. हात घालणाऱ्या रजतचे दात दुधासारखे होते. आणि राहिले कोण, तर ज्यांनी अख्ख्या तालुक्याचा खर्रा सोडवला ते.

तिला ती वर केलेली मान आठवली. तोंडात खर्रा धरलेला माणूस मान वर करूनच असतो, नाहीतर लाळ गळते. आणि बोलत नाही. बोलूच शकत नाही.

लिंबाखालचा बाक

निकालासाठी आलेले बापूजी आवारातल्या लिंबाखाली बाकावर बसले होते. ती शेजारी बसली.

"सापडलं?" त्यांनी विचारलं.

"तंबाखू आहे, बापूजी."

"तो उत्तमसिंग! मी त्याला किती वेळा सांगितलं—"

"त्यानं हात नाही घातला."

बापूजींनी धोतराचा सोगा नीट केला. "मग तो कंपनीचा पोरगा. आजकालची पोरं काय खातात ते त्यांच्या आईलाही कळत नाही."

"काल शपथ तुम्ही मनात का घेतली?"

वरून लिंबाची पानं पडत होती. त्यांनी एक पान मांडीवरून झटकलं, मग दुसरं, जे पडलंच नव्हतं.

"मलिका, तू काय बोलते आहेस ते तुला कळतंय का? दोन पिढ्या. दोन पिढ्यांनी माझ्यासमोर पाण्यात हात घातलाय."

"आमिरनं पण. त्यानं अजून मोडली नाही. दुकानात येणाऱ्या पोट्ट्यांना शिव्या घालतो त्यावरून. समितीला मी भांडं दाखवीन, तंबाखू म्हणून सांगीन. पण रजत सर विचारतील कोणाचा हात. मी म्हणीन माहीत नाही. मग ते म्हणतील, मॅडमनं आत्ता बनवलेली गोष्ट आहे, भावासाठी. आणि ते त्यांच्या जागी बरोबर असतील."

बापूजी उठले. फाटकाकडे चालू लागले. बोरी अरबची एसटी याच वेळेला फाटकाशी थांबत असे, आणि ती लांबून येताना दिसत होती.

मलिकानं त्यांना हाक मारली नाही. मारायला तोंड उघडलं होतं, पण दुसऱ्या बाजूनं विमलताईंची जीप आत वळली.

जेवण झालं

विमलताईंनी कालचं साधं आणि आत्ताचं खर्ऱ्याचं अशी दोन्ही भांडी शेजारी ठेवून पाहिली, निळ्या दिव्याखाली बराच वेळ.

"हिरवं आहे, तांबडं नाही. दोन्हीकडं सारखंच. मग?"

"मग ताई, साध्या भांड्यात तंबाखूचा हात गेला. त्यानं हिरवं झालं. पण तांबडं तंबाखूनं होत नाही. ते फक्त निळकवचाच्या भांड्यांत आहे. बाटलीतल्या ज्या दुसऱ्या द्रव्याचं नाव हे सांगत नाहीत, ते यकृत जाळतं. माझ्या भावाचं तेच जळतंय."

"सुंदर," रजत म्हणाला. सकाळची चेष्टा त्याच्या आवाजात उरली नव्हती, पण तो हटलाही नाही. "पण आत्ता खर्रा घालून तुम्ही पाणी हिरवं केलंत, यावरून काल तेच झालं हे कसं ठरतं? कोणाचा हात? माझा म्हणत होतात घटकेपूर्वी."

"तुमचा नाही. मी चुकले."

"मग कोणाचा?"

मलिकानं फाटकाच्या दिशेनं पाहिलं. बाहेर एसटी थांबल्याचा, मग निघाल्याचा आवाज आला. विमलताईंनी कागदावर पेन टेकवलं.

"बाई, हात सांग. नाहीतर मला रद्द लिहावं लागेल."

"ताई, मी—"

"माझा."

दारात बापूजी उभे होते. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज त्यांनी काढला होता, गरजेपेक्षा मोठा.

"माझा हात. शपथेआधी व्हरांड्यात जाऊन मी खर्रा तोंडात टाकला. रोज टाकतो. मंडळींनी नीट ऐकलं ना? पुन्हा सांगू?"

कोणी पुन्हा सांगा म्हटलं नाही. उत्तमसिंग दारामागं पुटपुटला, "घ्या! आन् काल व्हरांड्यातली माही पुडी कोनं पळवली म्हनून मी कुत्र्याले मारून राह्यलो होतो."

रजतनं त्यांच्याकडं पाहिलं, मग तिन्ही भांड्यांकडं, त्या तांबड्या ठिपक्यांकडं. पहिल्यांदाच ती नीट पाहत असल्यासारखा.

विमलताईंनी लिहायला सुरुवात केली. "चाचणी ग्राह्य. दुसऱ्या द्रव्याचं नाव कंपनीनं तत्काळ सांगावं. तत्काळ म्हणजे गावंडे, आत्ता. फोन लावा."

नाव

नाव लांबलचक होतं. रजतनं ते मुख्यालयातून अक्षर-अक्षर लिहून घेतलं आणि मलिकानं तसंच डॉ. सुरभींना वाचून दाखवलं. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

"अच्छा," डॉ. सुरभी म्हणाल्या. "म्हणजे आम्ही भलत्याच दाराशी पहारा देत होतो. याला औषध आहे, मलिका. खाली भांडारातच आहे. वेळ गेलेली नाही. पण थोडीच उरली होती. ठेव फोन, मला धावू दे."

मलिका व्हरांड्याच्या पायरीवर बसली. बापूजी खांबाला टेकून उभे होते आणि उत्तमसिंग त्यांच्या हातात चहाचा कप कोंबत होता.

"घ्या बापूजी. आता उघड खात जा. लपून खाल्लेला खर्रा लागत नाई."

"उद्या शाळेत काय सांगू रे?"

"जे आत्ता सांगतलं तेच. पोट्ट्यायले तसंबी माहीत असते. ते तुमची लाज राखून राह्यले होते."

बापूजी हसले की खोकले ते कळलं नाही.

रजत मोटारीपाशी होता. बाटल्यांचं खोकं त्यानं बाहेर काढून जमिनीवर ठेवलं होतं आणि त्याच्यापासून चार हात लांब उभा राहून फोन कानाला लावला होता. फोन खाली घेतला. पुन्हा लावला. मलिका जवळ गेली, का गेली ते तिलाही ठाऊक नव्हतं. कदाचित आभार मानायला, कदाचित माफी मागायला.

"सर?"

"बाबांना लावतोय," तो म्हणाला. वेलदोडा कधीच संपला होता, पण जबडा अजून हलत होता. "केळापूरला वावर आहे आमचं. पहिलं खोकं मी त्यांनाच दिलं होतं. म्हटलं, माझंच औषध, आधी आपल्या कपाशीवर मारा. आईनं सांगितलं, सकाळीच पंप घेऊन गेले."

त्यानं पुन्हा फोन लावला. दोघंही ऐकत उभे राहिले. पलीकडं रिंग वाजत होती, वाजत होती.

"उचलत नाहीयेत," रजत म्हणाला. खोकं तिथंच टाकून त्यानं मोटारीचं दार उघडलं. "वावरात असतील."